मावशी नव्हे, बाई

"बसा," मी म्हणाले. त्या बसल्या नाहीत.

खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या बोर्डावर दोन चुका हायत."

लातूरला आमचा दवाखाना खाली आणि घर वर. मी बाळंतपणं करते, माझे यजमान अविनाश हाडांचे डॉक्टर. दवाखान्याच्या दर्शनी भागावर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत 'प्रसुतीगृह' असं लिहिलेलं होतं. सहा वर्षांत हजारो लोक त्या अक्षरांखालून आत आले आणि बाहेर गेले, कुणी काही बोललं नव्हतं.

"सू दीर्घ पाहिजे अन् ति ऱ्हस्व. तुमच्याकडं अदलाबदल झालीय," त्या म्हणाल्या. मग स्वतःच दचकल्यासारखं करून, "ऱ्हाऊ द्या. नौकरी मागायला आले अन् चुका काढून राहिले."

नाव अनुसया. मुखेड तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावच्या. वय तीसच्या आसपास. डी.एड. झालेल्या, पात्रता परीक्षा पास झालेल्या, आणि शिक्षकभरती कधी निघते याची वाट बघत बसलेल्या. बसलेल्या हा शब्द त्यांना लागू नाही, पण आपल्याकडं तसंच म्हणतात. आमच्या मुलीला, जुईला, तेव्हा पाचवं लागलं होतं. ती घरात आमच्याशी बोलायची, पण उंबऱ्याबाहेर तोंडातून शब्द काढत नव्हती. शाळेनं बोलावून सांगितलं होतं की मुलगी 'मागे' आहे. मला दिवसभर ओपीडी, ऑपरेशनं, कधीही येणाऱ्या कळा. घरी राहून मुलीचं सगळं बघेल आणि अभ्यासही घेईल अशी बाई हवी होती. ओळखीच्या एका सिस्टरनं यांना पाठवलं.

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"मला मावशी म्हणू नका. सैपाक करणाऱ्या मावशी येगळ्या, त्यांचं काम येगळं. मी शिकवणार हाय. मला बाई म्हणा."

मराठवाड्यात मास्तरणीला लेकरं बाई म्हणतात. मला ती मागणी तेव्हा थोडी विनोदी वाटली होती. एका लेकराच्या बाई!

पुण्यातली माझी एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "म्हणजे तू चक्क गव्हर्नेस ठेवलीस की!" मी तो शब्द घरात हसत हसत सांगितला. बाईंनी अर्थ विचारला. मी म्हणाले, मोठ्या घरांत राहून मुलांना शिकवणाऱ्या बायका असायच्या, त्यांना म्हणायचे. त्यांनी थोडा विचार केला. "गव्हर्नर म्हणजे राज्यपाल. मंग ही राज्यपालीणबाई का?" जुई खदखदून हसली. बाईंनी लगेच पुढचं विचारलं, "त्या बायका जेवायला कुठं बसायच्या, मॅडम?"

 आमच्या घरात ते अजून ठरलेलंच नव्हतं, हे त्या प्रश्नानं माझ्या लक्षात आलं. पहिल्या दिवशी मी त्यांना टेबलावर बोलावलं, तर अविनाश अवघडून भराभर जेवून उठला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या सुमनमावशींनी स्वयंपाकघरात त्यांचं ताट वाढलं, तर बाईंनी ते ताट उचललं आणि गॅलरीत नेलं. तिथं कठड्याला टेकून, उभ्यानं, रस्त्याकडं बघत त्या जेवल्या. साडेतीन वर्षं त्या तशाच जेवल्या. पावसाळ्यात ताटात शिंतोडे यायचे. मी दोनदा-तीनदा म्हणाले, आत या. "हाव, येते," म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. मग मीही म्हणायचं सोडलं.

त्यांना एका जागी थांबता येत नसे. शिकवताना खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा चालू. जुई त्यांच्यामागून चालायची. बेचा पाढा एका फेरीत, तिनाचा दीड फेरीत. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला बांधलेलं. चपला कायम दाराकडं तोंड करून काढलेल्या, म्हणजे घालताना वळावं लागू नये. कपाटात कपडे कधी लावले नाहीत. बॅगेतून काढायच्या, धुवायच्या, घडी करून बॅगेत. मला ती बॅग बघून दर वेळी अस्वस्थ वाटायचं. एकदा मी विचारलंही, "बाई, आमच्याकडं काही कमी आहे का?"

"न्हाई वो मॅडम. पण हे माझं काम न्हाई न. माझं काम तिकडं हाय." 'तिकडं' म्हणताना हात खिडकीबाहेर कुठंही जायचा. "चाळीस लेकरं, फळा, अन् हजेरी. ते कवा येईल सांगता येत न्हाई. म्हणून तयार राहावं लागतं."

जुईशी त्या कधी लाडात येऊन बोलल्या नाहीत. पण जुईनं काही विचारलं की चालता चालता थांबायच्या. थांबायच्या त्या तेवढ्यासाठीच. मला म्हणायच्या, "लेकराला घाईघाईनं उत्तर देत जाऊ नका. अगोदर कान द्या." मी कान देत नाही असं त्यांना सुचवायचं होतं का? असावं. माझा फोन तेवढ्यात वाजायचा.

एक दिवस औशाकडची एक पेशंट तपासून घेता घेता म्हणाली, "मॅडम, तुमची लेक काल ष्टँडावर दिसली. एका बाईसंगं फिरून राहिली होती."

माझे हात थांबले. बसस्टँडवर? माझी मुलगी?

ओपीडी तशीच टाकून मी वर गेले. बाई येरझारा घालत होत्या. मी काही विचारायच्या आत माझा चेहरा बघून म्हणाल्या, "हाव. नेते मी. आठवड्यातून दोनदा."

"कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणाल्या असत्या."

मी बरंच बोलले. तिथली गर्दी, घाण, मुलं पळवणारे, सगळं. आवाज चढला होता. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मी दमले तेव्हा म्हणाल्या, "घरातली जेवढी पुस्तकं हायत तेवढी तिला पाठ झालीत, मॅडम. चित्र बघून म्हणते. पाठ असणं अन् वाचणं येगळं. तिला न बघितलेली अक्षरं पाहिजेत. अन् लातुरात सगळ्यात जास्ती नवी अक्षरं ष्टँडावर येतात, दर पाच मिनटाला. तुम्ही एक दिवस चला. पटलं न्हाई तर मी बॅग उचलते."

त्या रविवारी मी गेले. गॉगल लावून गेले. कुणी ओळखू नये असं वाटत होतं. बाई आणि जुई एका खांबाजवळ उभ्या राहिल्या, मी चार पावलं मागं. गाडी आत वळली की जुई पाटी दिसेपर्यंत टाचा उंच करायची. "उ-द-गी-र." "नि-लं-गा." मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. मला तेवढंच पुष्कळ होतं. मग एक जुनी गाडी आली, पाटी धुळीनं भरलेली. जुई अडकली. कंडक्टर दारात लोंबकळत होता, त्यानं बाईंना ओळखलं असावं, कारण त्यानं स्वतःच खाली उतरून रुमालानं पाटी पुसली आणि म्हणाला, "हं, वाच बाळा. कुठली गाडी हाय?"

"शि... रू... र." मग बराच वेळ काही नाही. मागचे प्रवासी उतरायची घाई करत होते. मला पुढं होऊन सांगावंसं वाटलं. बाईंनी मागं न बघताच तळहात आडवा धरला. "अ... नं... त... पा... ळ. शिरूर अनंतपाळ!"

"तिथं कोण राहतं?" तिनं बाईंना विचारलं.

"मला काय माहीत? तिथून आलेल्या माणसाला इचार."

गाडीतून एक म्हातारी उतरत होती, काखेत गाठोडं. जुई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. शाळेत आठ महिन्यांत एकाही माणसाशी न बोललेली माझी मुलगी त्या अनोळखी बाईला म्हणाली, "शिरूर अनंतपाळला कोण राहतं?"

"मी राहते की माय," म्हातारी म्हणाली. "का गं? तुला यायचं का?"

जुईनं मान हलवली आणि पुन्हा विचारलं, "अजून कोण राहतं?" म्हातारीनं गाठोडं खाली ठेवलं आणि सुना-नातवंडांची नावं सांगायला सुरुवात केली.

मी गॉगल काढला नाही, कारण डोळे भरले होते. मला आनंद झाला हे खरं आहे. पण त्याच्या खालोखाल आणखी काहीतरी झालं, आणि ते मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नाही. माझ्या मुलीनं पहिल्यांदा जगाशी तोंड उघडलं तेव्हा तिनं वळून बाईंकडं बघितलं. मी चार पावलं मागंच होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर बोर्डावरची अक्षरं दुरुस्त करून घ्यायचं अविनाशनं मनावर घेतलं. बाईंनी रस्त्याच्या पलीकडून उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, "आता बरं वाटतं. आता लेकरं नीट जन्मतील." त्या असं काही बोलल्या की हसावं की नाही ते कळायचं नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी खालून रिसेप्शनिस्टचा फोन आला. एक म्हातारे गृहस्थ दोन तास पेशंटच्या बाकावर बसलेत, केसपेपर काढत नाहीत, काही विचारलं की 'अनुसयाबाईला फुरसत होऊ द्या' म्हणतात. बाईंचे वडील होते, आण्णा. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मी त्यांना वर घेऊन आले. जिन्यात ते म्हणाले, "लई मोठी शाळा हाय की वो. दवाखानाबी शाळेतच का?"

मला काही समजेना. वर बाईंनी त्यांना दारात बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला एका क्षणात सगळं कळलं. गावात त्यांनी सांगून ठेवलं होतं की लातूरला डॉक्टरांच्या शाळेत नोकरी लागलीय. दुसऱ्याच्या घरात राहून लेकरू सांभाळते, हे गावाला सांगण्यासारखं त्यांना वाटलं नव्हतं.

आण्णांनी खोली बघितली. भिंतीवर फळा, कोपऱ्यात नकाशा, मधे एक छोटं टेबल, त्याच्यामागं जुई.

"बाकीची लेकरं?"

मी काहीतरी बोलणार होते, सुट्टी आहे वगैरे. जुईच उठून उभी राहिली. बाईंनी तिला पाहुणे आले की उभं राहायला शिकवलं होतं. ती म्हणाली, "मी एकटीच आहे. एका मुलीची शाळा आहे."

 आण्णा खाली मांडी घालून बसले, शेंगांची पिशवी पुढं केली आणि विचारलं, "मंग पहिला नंबर कुणाचा येतो?"

"माझाच."

"अन् शेवटचा?"

जुईनं विचार केला. "तोपण माझाच."

म्हातारा हसला. हसता हसता टॉवेलनं डोळे पुसले. जाताना जिन्यात मला म्हणाला, "पोरीला सांगू नका वो डॉक्टरीणबाई, की मला कळलं. गावात मी शाळाच सांगतो. शाळाच हाय की." त्यांना सोडायला बाई स्टँडपर्यंत गेल्या. परत आल्या त्या सरळ फळ्याकडं गेल्या आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसू लागल्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मलाच एका जागी बसवत नाही.

भरतीच्या अर्जात बाईंनी मोबाइल नंबर माझा दिला होता. त्यांचा स्वतःचा फोन जुना, सतत बंद पडणारा. "तुमचा नंबर कवापण चालू असतो, मॅडम. निरोप चुकणार न्हाई," त्या म्हणाल्या होत्या. भरती निघाली, परीक्षा झाली, महिने गेले. मग एका शनिवारी दुपारी, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, तो मेसेज माझ्या फोनवर आला. त्यांची निवड झाली होती. मंगळवारी नांदेडला कागदपत्रांची तपासणी.

मी तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

बुधवारी मला पुण्याला जायचं होतं, चार दिवसांच्या प्रशिक्षणाला. त्या जागेसाठी मी दोन वर्षं नंबर लावून बसले होते. अविनाशला एकट्याला जुईचं काही जमलं नसतं. मी स्वतःला समजावलं की रिपोर्ट हातात आला म्हणून लगेच पेशंटला सांगायचा नसतो, वेळ बघावी लागते. संध्याकाळी सांगू. संध्याकाळी एक सिझेरियन निघालं. रविवारी सांगू. रविवारी मी बाजारात गेले आणि बाईंसाठी मोरपंखी रंगाची साडी घेऊन आले.

"कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"सहज."

त्यांनी साडी पिशवीतून अर्धी काढली, काठावरून बोट फिरवलं, आणि परत घडी करून पिशवीत घातली. "चांगली हाय," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी येरझारा जरा जास्तच घातल्या, असं मला वाटलं. मनात खोट असली की तसं वाटतं.

सोमवारी संध्याकाळी ओपीडी संपवून मी वर आले. जुई सुमनमावशींबरोबर खाली देवळात गेली होती. दिवाणखान्यात बाई खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. साडेतीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं बघत होते.

"बाई, तुमचा मेसेज आलाय," मी म्हणाले. "उद्या नांदेडला तपासणी आहे. निवड झालीय तुमची."

"शनिवारी आला," त्या म्हणाल्या.

मी उभीच राहिले.

"माझ्या मैत्रिणीनं यादीत नाव बघितलं. शनिवारीच मावशींच्या फोनवर फोन करून सांगितलं तिनं. तारीखबी सांगितली." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी वाट बघून राहिले होते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"निरोप तुमच्याकडं आला होता. तुम्ही सांगायचा होता."

"मी सांगणारच होते, बाई. खरंच. बुधवारचं..."

"माहीत हाय. बुधवारचं माहीत हाय मला." त्या उठल्या. "सकाळच्या गाडीनं चालले. आण्णा मुखेडहून परस्पर नांदेडला येऊन राहिलेत. तुम्ही बोलल्या नसत्या तरी जाणारच होते. चिठ्ठी लिहून ठेवली होती."

"काय लिहिलं होतं?"

"आता कशाला? ती चिठ्ठी न सांगणाऱ्या मॅडमला होती. तुम्ही सांगितलं."

त्यानंतर मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "तपासणी झाली की परत या. ऑर्डर हातात यायला महिना-दोन महिने लागतात. तोपर्यंत तरी राहा. जुईसाठी."

त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "शनिवारी सांगितलं असतं तर राहिले असते," त्या म्हणाल्या. "मी तसंच ठरवून ठेवलं होतं. ऑर्डर येईपर्यंत लेकराला हळूहळू सोडवलं असतं. आता राहिले तर तुमचा फोन वाजला की माझं ध्यान फोनकडं जाईल. असं ध्यान घेऊन शिकवता येत न्हाई." मग थोड्या वेळानं, "लेकराला कडेवरून उतरवायचं असतं, मॅडम. टाकायचं नसतं. पण आता इलाज न्हाई."

मी म्हणाले, जुईला सांगू की बाई दोन दिवस गावाला गेल्यात. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

सकाळी त्यांनी स्वतःच तिला सांगितलं. मी दाराआड होते. बाई पलंगाजवळ उभ्या आणि जुई उशी मांडीवर घेऊन बसलेली.

"मला शाळा मिळाली, जुई. खरी. मी आज चालले. राहायला परत येणार न्हाई."

"किती मुलं आहेत?"

"अजून माहीत न्हाई."

"मग मला कोण?"

"आई हाय की."

"आई तर खाली असते," जुई म्हणाली.

तक्रार नव्हती. कुणी विचारलं म्हणून पत्ता सांगावा तसं तिनं सांगितलं. बाईंनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, कारण मी जिन्यानं खाली पळाले होते. खालीच.

पुण्याला मी गेले नाही. जुई नऊ दिवस शाळेत बोलली नाही, दहाव्या दिवशी बोलली. मी संध्याकाळची ओपीडी अर्ध्यावर आणली. ते चांगुलपणानं नव्हे, भीतीनं. एकदा तिला घेऊन स्टँडवर गेले. ती पाट्या वाचेना. "तू सारखी घड्याळ बघतेस," म्हणाली. मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, तर म्हणाली, "आता फोन बघतेस." हळूहळू जमलं. सगळं नाही. मोरपंखी साडी पिशवीसकट कपाटात राहिली होती, ती मी सुमनमावशींना दिली.

बाईंचं पत्र नाही, फोन नाही. किनवटकडं नेमणूक झाली एवढं त्या सिस्टरकडून कळलं. मी फोन करू शकले असते. नंबर मिळवणं अवघड नव्हतं. दरवर्षी शिक्षकदिनाला फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे.

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर आम्ही किनवटकडं सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेलो. जुईला तेव्हा पंधरावं लागलं होतं. इस्लापूरला चहा प्यायला थांबलो, तेव्हा तीच हॉटेलवाल्याला म्हणाली, "इथं अनुसयाबाई म्हणून कुणी शिक्षिका आहेत का?" मी तिला कधीच सांगितलं नव्हतं की त्या या भागात आहेत. कुठून कळलं विचारलं तर म्हणाली, "मावशींना मी कधीच विचारून ठेवलंय."

हॉटेलवाल्यानं रस्ता सांगितला. पाच-सहा किलोमीटर आत, एका तांड्याच्या कडेला सातवीपर्यंतची शाळा. शनिवार होता, सकाळची शाळा सुटत आली होती. अविनाशनं गाडी झाडाखाली लावली. बाई मैदानात होत्या. डोळ्यांना चष्मा, केस कानामागं पांढरे झालेले. मुली दोरीनं मैदान मोजत होत्या आणि बाई त्यांच्याबरोबर दोरीचं दुसरं टोक धरून पळत होत्या.

त्यांनी आम्हाला बघितलं. दोरी एका मुलीच्या हातात दिली आणि आल्या. जुई त्यांच्यापेक्षा वीतभर उंच झाली आहे. ती पायाशी वाकली, तर बाईंनी तिला मधेच दंडाला धरून उभं केलं आणि चेहरा न्याहाळला.

"शाळेत बोलतेस का?"

"जास्तच बोलते म्हणून आईला बोलावून घेतात."

बाई मोठ्यानं हसल्या. त्यांना असं हसताना मी आमच्या घरात पाहिलं नव्हतं. दोघी कितीतरी वेळ बोलत राहिल्या. आण्णा गेले, धाकट्या भावाचं लग्न झालं, बाईंनी लग्न केलं नाही, खोली इस्लापूरला आहे आणि रोज येणं-जाणं मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून. मी सात वर्षं मनात घोळवलेलं वाक्य तयार ठेवून बाजूला उभी होते. शेवटी म्हणाले, "बाई, त्या वेळी मी जे केलं..."

"मॅडम, हितं दवाखाना लांब हाय," त्या म्हणाल्या. माझं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. "सहावी-सातवीच्या पोरी हायत माझ्या. प्रार्थनेला उभ्या राहिल्या की चक्कर येऊन पडतात. कुणाचं रक्त कमी हाय, कुणाचं काय, मला कळत न्हाई. मला त्या सांगतबी न्हाईत, लाजतात. तुम्ही येताल का? तुम्हाला सांगतील."

"येईन की," मी म्हणाले.

"कवा?"

"बघते. पुढच्या महिन्यात कधीतरी."

"कधीतरी न्हाई. तारीख सांगा. मला पोरींना सांगावं लागंल."

मी फोन काढला. पुढच्या महिन्यातले शनिवार एकामागून एक भरलेले होते. तिसऱ्या शनिवारी नऊ ऑपरेशनची नावं होती. जुई माझ्या खांद्यावरून बघत होती, आणि अविनाश गाडीपाशी उभा राहून आमच्याकडं. मी तिसरा शनिवार सांगितला. बाईंनी तारीख एकदा स्वतःशी म्हणून बघितली.

"या मंग," म्हणाल्या. जुईच्या पाठीवर एक थाप मारली, आणि आम्ही गाडीत बसायच्या आतच वळून मैदानाकडं निघाल्या.

मी काच खाली केली. वाटलं, एकदा तरी मागं बघतील, हात करतील. त्यांच्याभोवती मुलींचा घोळका जमला होता. एका बारक्याशा मुलीनं आमच्या गाडीकडं बोट दाखवून त्यांना काहीतरी विचारलं. 'येतील का' एवढंच माझ्या कानावर आलं. बाईंनी आमच्याकडं न बघताच तिला मान हलवून सांगितलं, हाव.